खान्देशातून कंबोडियाच्या शाळेत: स्वयंसेवी इंग्रजी शिक्षिकेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०१८ ते ऑगस्ट २०१९ या काळात मी कंबोडियातल्या कंपाँग थॉम प्रांतात, एका खेड्यातल्या सरकारी शाळेत बिनपगारी इंग्रजी शिकवलं. मी चोपडा तालुक्यातली. घरी केळी आणि कापूस, बोली अहिराणी, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, पुढे बी.एड. परत आल्यापासून लग्नाच्या मांडवात, एसटीत, शाळांच्या स्टाफरूममध्ये तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारी बहुतेक डी.एड., बी.एड. झालेली मुलं-मुली असतात, आणि त्यांच्या मागे काळजीत पडलेले आईवडील. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. मी परदेशात इंग्रजी शिकवू शकेन का?

शिकवू शकाल. मराठी माध्यमात शिकल्याचा तिथे उपयोगच होतो, हे मी अनुभवाने सांगते.

पाचवीत मी तालुक्याच्या शाळेत गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "माले येत नही." वर्ग हसला. पुढचे दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. आधी मराठी 'शुद्ध' करायची आणि मग त्या मराठीतून इंग्रजी शिकायचं, असे दोन डोंगर चढून मी इंग्रजीपर्यंत पोचले. कुठे पाय घसरतो ते मला ठाऊक आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ही वाट चालावीच लागत नाही, त्यामुळे तिच्यावरचे खड्डे त्याला मुद्दाम शोधावे लागतात.

एक उदाहरण देते. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' लिहिला, तरी उच्चार 'ह'सारखा होतो. त्यामुळे माझ्या वर्गातली मुलं 'बस'ला 'बह' म्हणायची, 'हाउस'ला 'हाउह', आणि 'राइस' तर नुसता 'राय'. पहिले पंधरा दिवस मी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होते, ती ऐकत होती, आणि 'बह'च म्हणत होती. मग लक्षात आलं की शब्दाच्या सुरुवातीचा 'स' त्यांना उत्तम येतो. शाळेला ती 'साला'च म्हणतात. म्हणून 'ध बस इज ब्लू' हे वाक्य मी असं तोडलं: 'ध ब, सिज, ब्लू.' 'बस'मधला 'स' पुढच्या 'इज'ला चिकटवला. साठ-सत्तर वेळा टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलं. मग 'ब-सिज' जवळ आणलं, मग 'इज' हळू केलं, मग अगदी पुसट. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी एकटीच 'बस' म्हणाली आणि स्वतःच दचकली. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. आमच्या सरांनी आम्हा पोरांची 'इस्कूल' मोडून 'स्कूल' केली होती, ती पद्धत मी उलटी फिरवली.

पण एक अट आहे आणि ती कडक आहे. तुमचं इंग्रजी खरंच चांगलं हवं. अर्धा तास न अडखळता बोलता आलं पाहिजे, चुका न करता पत्र लिहिता आलं पाहिजे, 'आय वेंट' आणि 'आय हॅव गॉन' यांतला फरक फळ्यावर समजावता आला पाहिजे. आपलं कच्चं इंग्रजी पक्कं करायला म्हणून परक्या मुलांचा वर्ग वापरू नका. तेवढी तयारी आधी इथेच करा.

सगळ्या देशांत भारतीय शिक्षक चालतात का?

नाही. काही देशांचे व्हिसाचे नियमच असे आहेत की इंग्रजी शिकवायला मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ठरावीक देशांचे नागरिक घेतात. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा त्याचं ठळक उदाहरण. खासगी भाषाशाळांतही पासपोर्ट आणि चेहरा पाहून नकार येतो. मला दोन ठिकाणांहून आला, एका ठिकाणी माझी मुलाखतसुद्धा झाली नाही. वाईट वाटतं. पण खेड्यांतल्या सरकारी शाळांना शिक्षक हवा असतो, आणि तिथे मला हा प्रश्न कुणी विचारला नाही.

संस्था कशी शोधायची?

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१ सालापासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ ही संस्थाही भारतीयांना घेते. दोन्हींकडे कामाचा अनुभव मागतात, नुसती पदवी पुरत नाही. अमेरिकेची पीस कोअर फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. मी एका लहान संस्थेमार्फत गेले होते. तो कार्यक्रम आता बंद आहे, म्हणून नाव देत नाही.

कुठल्याही संस्थेला चार प्रश्न लेखी विचारा. शाळा कोणती आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी स्वयंसेवक मागितला आहे का? माझ्यासोबत तिथला शिक्षक वर्गात असेल का? मी देते त्या पैशातले शाळेला किती जातात? माझ्या चारित्र्याची पडताळणी तुम्ही कशी करणार? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. जी संस्था पोलिसांचा दाखला न मागता परक्या माणसाला मुलांमध्ये सोडते, ती मुलांची काळजी घेत नाही.

अनाथाश्रमात शिकवायची संधी आली आहे, जाऊ का?

जाऊ नका, असंच मी सांगेन. कंबोडियातल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे तिथल्या पाहण्यांतून पुढे आलेलं आहे. पर्यटक आणि स्वयंसेवक येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरापासून तोडून आणली जातात. दोन आठवडे लाड करून निघून जाणारी माणसं पाहून त्या मुलांचं काय होत असेल, याचा विचार करा. मूल घरी राहतं आणि शाळेत येतं, अशा ठिकाणीच काम करा.

ओळखीचा एजंट म्हणतो, कंबोडियात चांगल्या पगाराची नोकरी आहे, शिकवण्याचीही आहे. खरं असेल का?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे आणि मला त्याची भीती वाटते. डेटा एंट्री, ग्राहकसेवा अशा नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुणांना कंबोडियात नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं आहे. भारत सरकारने आणि राजधानी नॉम पेन्हमधल्या आपल्या दूतावासाने याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत आणि अनेकांची सुटका करून त्यांना परत आणलं आहे.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते स्वतः पाहा. 'आधी पर्यटन व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलू' असं म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. नोकरी देणाऱ्याचं नाव-पत्ता दूतावासाला मेल करून विचारा. आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला देऊ नका. घरची केळी विकून एजंटला पैसे दिलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून इतकं तळमळून लिहिते.

व्हिसा आणि कागदपत्रं?

पासपोर्टसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, जळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. पोलिसांचा दाखलाही पासपोर्टच्याच संकेतस्थळावरून मागता येतो. कंबोडियासाठी दोन प्रकारचे व्हिसा सर्वसाधारणपणे लागतात: पर्यटकांचा टी आणि साधारण ई. दोन्ही सुरुवातीला ३० दिवसांचे. टी एकदाच महिनाभर वाढतो, ई तिथे गेल्यावर पुढे वाढवता येतो. शिकवायचं असेल, पगार नसला तरी, तर कोणता व्हिसा आणि कोणता परवाना लागेल ते यजमान संस्थेकडून लेखी घ्या आणि दूतावासाकडून ताडून पाहा. नियम बदलत असतात.

पदवी, बी.एड., जन्मदाखला यांच्या साक्षांकित प्रती आणि आठ-दहा फोटो सोबत ठेवा. फोटो तिथे सारखे लागतात.

इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं का?

१२० तासांचं टेफल प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी मागतात. ऑनलाइन होतं, पण नुसतं ऑनलाइन केलेलं मला अपुरं वाटलं. केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. तो महाग आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तीन महिने शिकवावं. मी तेच केलं आणि तिथे त्याचाच आधार झाला.

खर्च किती आला?

विमानाचं जाऊन-येऊन तिकीट बत्तीस हजारांच्या आसपास पडलं, मुंबईहून बँकॉकमार्गे. राहणं आणि दोन वेळचं जेवण यजमान कुटुंबाकडे, त्याचे संस्था त्यांना थोडे पैसे द्यायची. वरखर्च महिन्याला शंभर ते सव्वाशे डॉलर: फोन, सायकलची दुरुस्ती, फळं, प्रवास, वर्गासाठी कागद-रंग. त्यासाठी मी दोन वर्षं खासगी क्लासमध्ये शिकवून पैसे साठवले होते. कर्ज काढून स्वयंसेवा करू नका.

तिथे रिएल आणि डॉलर दोन्ही चालतात, एका डॉलरला चार हजारांच्या आसपास रिएल. डॉलरची नाणी कुणी वापरत नाही, सुट्टे रिएलमध्ये मिळतात. डॉलरची नोट जरा फाटलेली असली की कुणी घेत नाही, म्हणून बँकेतून कोऱ्या नोटा मागून घ्या.

रोजचा दिवस कसा असायचा?

घर लाकडाचं, खांबांवर उभं. वर झोपायचं, खाली झोपाळा, कोंबड्या, मोटरसायकल आणि दिवसभराची बैठक. पहाटे पाचला घरातली आजी चूल पेटवायची. साडेसहाला मी सायकलवर. शाळा सकाळी सात ते अकरा आणि दुपारी एक ते पाच अशा दोन पाळ्यांत, कारण खोल्या कमी. पांढरा सदरा आणि गर्द निळी पँट किंवा घागरा घातलेली मुलं झेंड्यासमोर रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात. त्या गीताचं नाव 'नोकोर रीच', आपले 'नगर' आणि 'राज' थोडे बदलून त्यात आहेत.

माझ्या वर्गात ४६ मुलं. एका बाकावर तिघं. पावसाळ्यात पत्र्यावर असा पाऊस कोसळायचा की शेजारी उभ्या असलेल्याचं बोलणंही ऐकू येत नसे. तेव्हा आम्ही आवाजाशिवाय शिकायचो. मी झाडू मारल्याचं, दात घासल्याचं, सायकल पंक्चर झाल्याचं करून दाखवायची, मुलं पाटीवर इंग्रजी वाक्य लिहून पाटी वर करायची. पाऊस थांबला की सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं. जे मूल बोलायला लाजतं, ते लिहायला लाजत नाही, हे मला त्या पावसात कळलं. तो धडा मी उन्हाळ्यातही चालू ठेवला.

संध्याकाळी भातखाचरांच्या बांधावरून फिरणं, कुणाच्या तरी ओट्यावर बसणं. रात्री दहाला आईचा फोन, कारण तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. इथे साडेआठ वाजलेले, आई भांडी आवरून बसलेली असायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवन व्हयनं का?"

भाषा न येता कसं जमलं?

आईचा तोच प्रश्न तिथे ओसरीओसरीवर ऐकू येतो. ख्मेरमध्ये भेटल्यावर विचारतात, 'न्याम बाय हाय नोव?' म्हणजे भात खाल्ला का? मी पहिलं वाक्य हेच शिकले आणि त्याने जितकी दारं उघडली तितकी दुसऱ्या कशाने उघडली नाहीत.

मराठी माणसाला ख्मेर फार परकी वाटत नाही. वाक्यरचना वेगळी आहे, नात्याने ती आपल्या भाषांच्या कुळातली नाही, पण संस्कृत आणि पालीमधून शेकडो शब्द तिच्यात गेले आहेत. शाळा म्हणजे साला, भाषा म्हणजे फीअसा, अक्षर म्हणजे आक्सॉ, देवता म्हणजे तेवदा. पुरुष शिक्षकाला 'लोक क्रू' म्हणतात आणि शिक्षिकेला 'नेअक क्रू'. हा क्रू म्हणजे आपला गुरू. चांद्र महिन्यांची नावं चेत, पिसाक, फाल्कुन. लिपीचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे, पण शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत म्हणून वाचताना सुरुवातीला दम लागतो. आकडे पाचांवर चालतात: मुय, पी, बेय, बुअन, प्रम, आणि सहा म्हणजे प्रम-मुय, पाच-एक. बाजारात भाव करता करता दोन आठवड्यांत येतात.

ख्मेर शिकण्याचा खरा फायदा वर्गात झाला. त्यांच्या क्रियापदाला काळ लागत नाही आणि नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही. मूल 'टू बुक' म्हणतं ते निष्काळजीपणाने नाही. त्याच्या भाषेत 'दोन' म्हटल्यावर पुस्तकं अनेक आहेत हे सांगून झालेलं असतं. हे कळल्यावर माझा सूर बदलला. 'चूक' म्हणायच्या आधी मी त्यांचं वाक्य ख्मेरमध्ये म्हणून घ्यायची, मग इंग्रजीत काय जास्तीचं लागतं ते दाखवायची.

तिथल्या शिक्षकांशी जमलं का?

सुरुवातीला माझ्या हातून मोठी चूक झाली. माझ्यासोबतचे लोक क्रू पन्नाशीचे होते. बारा वर्षं इंग्रजी शिकवत होते, उरलेल्या वेळात भातशेती. वाचून अर्थ सांगण्यात पक्के, बोलण्यात कच्चे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक वाक्य चुकीचं लिहिलं आणि मी मुलांसमोर जाऊन ते दुरुस्त केलं. ते हसले, खडू माझ्या हातात दिला आणि मागे जाऊन बसले. आठवडाभर मागेच बसले. मला वाटलं, ते मला संधी देताहेत. घरच्या आजीने समजावलं तेव्हा कळलं की मी चारचौघांत त्यांचा मान घालवला होता.

मी त्यांच्या घरी गेले, जमेल तशा ख्मेरमध्ये माफी मागितली. त्यानंतर आम्ही ठरवलं: रोज दुपारी अर्धा तास दोघांनी बसून दुसऱ्या दिवसाचा पाठ तयार करायचा, चुका तिथेच निस्तरायच्या, वर्गात शिकवणार ते आणि उच्चारांचा सराव घेणार मी. शंका आली तर त्यांनी मला विचारायचं नाही, मी त्यांना विचारायचं, मुलांसमोर. जूनपर्यंत ते सलग दहा-दहा मिनिटं इंग्रजीत बोलू लागले. मी ऑगस्टमध्ये निघाले, ते तिथेच आहेत, दरवर्षी नव्या मुलांसमोर. त्या अकरा महिन्यांतलं सगळ्यात टिकाऊ काम तो दुपारचा अर्धा तास होता, असं मला आज वाटतं.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

कठीण जातं, पण उपाशी राहत नाही. भात, पाण्यातली नाळीची भाजी, भोपळा, कच्चा आंबा मीठ-मिरचीसोबत, अंडी चालत असतील तर अंडी. अडचण माशाच्या पाण्याची, त्याला 'तेक त्रेय' म्हणतात आणि ते भाजीतही घालतात. प्रहोक म्हणजे आंबवलेल्या माशांची चटणी, तिचा वास घरभर असतो. मी नाक मुरडलं नाही. ती त्यांची रोजची भाकर आहे. 'खन्योम न्याम बुअह', मी शाकाहारी खाते, एवढं आजीला सांगितलं. व्रताच्या दिवशी भिक्षूंसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी असं जेवण करायची तिला सवय होती, तिने माझं भांडंच वेगळं केलं.

केळी मात्र घरच्यासारखी. 'चेक' म्हणतात. तळलेली केळी रस्त्यावर मिळतात, आणि चिकट भातात केळं घालून, केळीच्या पानात बांधून उकडलेला 'नोम आन्सम' सणाला घरोघरी होतो. मी आप्पांना फोटो पाठवला तर त्यांनी पदार्थाचं काही विचारलं नाही, झाडाला घड केवढा येतो ते विचारलं.

एकदा भरीत केलं. आपली हिरवी मोठी वांगी तिथे नाहीत, लांबट होती. काड्यांच्या आगीवर भाजली, लाकडी उखळात ठेचली, पातीचा कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, लसूण. तिकडचं जेवण फारसं तिखट नसतं, मिरची बाजूला ठेवतात, म्हणून मी हात आखडला होता. आजीने चाखलं आणि स्वतःच दोन मिरच्या अजून ठेचून घातल्या.

सण कोणते असतात? घरची आठवण येत नाही का?

मी पोचले तेव्हा प्चुम बेन चालू होता. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातले पंधरा दिवस, पितरांसाठी. 'बेन' म्हणजे पिंड. पहाटे चारला, अंधारातच, सगळं गाव पॅगोडात जमतं, देवळाभोवती फेऱ्या घालत भाताचे गोळे टाकतं. प्रेतांना उजेड सोसत नाही, म्हणून सूर्य उगवायच्या आत. शब्दही 'प्रेत' असाच. इकडे आमच्या घरी त्याच पंधरवड्यात आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात घास, टाकली जात होती. आजीने मला एक गोळा दिला आणि खुणेने विचारलं, तुझं कोण गेलं? मी माझ्या आजीचं नाव घेतलं आणि गोळा टाकला. ओळख होऊन चार दिवस झालेल्या घरात मी तिथे रडले, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

ख्मेर नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात, तीन दिवस. म्हाताऱ्यांना अंघोळ घालतात, अंगावर पाणी आणि पावडर उडवतात. खरा जीव तुटला तो मे महिन्यात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. इकडे माहेरवाशिणी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, आणि मी तिथे गुणपत्रकं भरत होते. त्या दिवशी मी वर्गाबाहेरच्या झाडाला दोर बांधून घेतला आणि मुलींना झोक्यावर बसवून एक अहिराणी गाणं म्हटलं. त्यांना अर्थ लागला नाही. तरी त्या पुढे आठवडाभर त्याची चाल गुणगुणत होत्या.

मुलीला एकटीला पाठवणं सुरक्षित आहे का?

आईवडिलांचा हा प्रश्न मी हलका समजत नाही. खेड्यात मला कधी भीती वाटली नाही, सगळं गाव ओळखत होतं. नॉम पेन्हमध्ये मोटरसायकलवरून पिशवी किंवा फोन हिसकावून नेतात, तिथे रस्त्याच्या बाजूला पिशवी लटकवू नये. रात्रीचा प्रवास मी टाळला. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. शिक्षिका शाळेत 'सम्पोत' नेसतात, घोट्यापर्यंतचं गुंडाळायचं वस्त्र. मी दोन शिवून घेतले. कुणाच्याही, मुलाच्यासुद्धा, डोक्याला हात लावू नका, पाय कुणाकडे करून बसू नका, आणि नमस्कार दोन्ही हात जोडून करा. तो आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही.

जायच्या आधी आईवडिलांना यजमान घराशी व्हिडिओवर बोलायला लावा. माझी आई आणि तिथली आजी एकमेकींची भाषा न समजता वीस मिनिटं बोलल्या. त्यानंतर आईचा विरोध मावळला.

आजारी पडलं तर?

टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात यांच्या लशी आणि कुत्रं चावण्याआधीची रेबीजची लस याबद्दल निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांशी बोला. विमा घ्याच. २०१९ साली तिथे डेंग्यूची मोठी साथ होती, मलाही जूनमध्ये झाला. पाच दिवस एका दवाखान्यात होते. पहिल्या दिवशी तिथे मला नुसतं तापाचं औषध देऊन घरी पाठवलं होतं, रक्त तपासलं नव्हतं. लोक क्रूंनी हट्ट धरून परत नेलं. साथीच्या दिवसांत ताप आला तर रक्ततपासणी मागून घ्या, आणि मच्छरदाणीचा आळस करू नका.

फिरायला मिळालं का? काय पाहावं?

शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्यांत मिळालं. माझ्या प्रांतातच, कंपाँग थॉम शहरापासून तीसेक किलोमीटरवर, सांबोर प्रेय कुक आहे. सातव्या शतकातली ईशानपूर नगरी, ईशानवर्मन राजाची राजधानी. जंगलात विखुरलेली विटांची देवळं, काहींचा आकार अष्टकोनी, काहींना झाडांच्या मुळांनी मिठी मारलेली. २०१७ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अंगकोरच्या प्रसिद्ध देवळांसारखी गर्दी नसते. मी तिथे चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी दुपारभर थांबले.

अंगकोर वाट सगळे पाहतातच. परदेशी माणसाला माझ्या वेळी एका दिवसाचे ३७ डॉलर आणि तीन दिवसांचे ६२ डॉलर पडत होते, तीन दिवसांचं घ्या. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा लांबच लांब शिल्पपट आहे, दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटचं जतनाचं काम केलं, नंतर ता प्रोम या तिथल्याच देवळाचंही. जळगावहून अजिंठा करून वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या एका दगडाने. त्यावर शके ६०५ असा काळ कोरलेला आहे, आणि त्यातलं शून्य म्हणजे एक टिंब. लिहिलेल्या शून्याच्या जगातल्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी हा एक. आमच्या घरच्या पंचांगावर असतो तोच शक. आणि आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. परत गेल्यावर मी वर्गात फळ्यावर ते टिंब काढलं आणि सांगितलं, हे तुमच्या देशात सापडलं. इंग्रजीच्या तासाला पहिल्यांदाच कुणी वहीत न सांगता काही उतरवून घेतलं.

तोनले साप सरोवर पावसाळ्याच्या शेवटी पाहा. मेकाँगला पूर आला की तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि तळं कित्येक पटींनी पसरतं. तापीचा पूर पाहिलेल्या माणसालासुद्धा नदी मागे फिरताना पाहून बोलणं सुचत नाही.

तिथल्या नरसंहाराबद्दल लोकांशी बोलावं का?

आपण होऊन विचारू नका. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं मेली. शाळा बंद केल्या होत्या, शिकलेल्यांना शोधून मारलं. नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग हे संग्रहालय मुळात एक शाळा होती, तिचा तुरुंग केला गेला. वर्गखोल्यांच्या फरशा आणि भिंतीवरचे फळे अजून तसेच आहेत. शिक्षकाने ते एकदा पाहावं, पण कामाच्या सुरुवातीला पाहू नये.

आमच्या घरच्या आजीने सात महिन्यांनंतर एका रात्री, भाजी निवडता निवडता, आपल्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. तो शिक्षक होता. मी फक्त ऐकलं.

परत आल्यावर नोकरीत फायदा झाला का?

सरकारी भरतीत नाही. आपल्याकडे शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून, टीईटी आणि अभियोग्यता चाचणीवर होते. परदेशातल्या स्वयंसेवेला त्यात वेगळे गुण नाहीत. खासगी शाळांत मुलाखतीला उपयोग होतो. वय आणि परीक्षांच्या तारखा पाहून वर्ष ठरवा, नंतर हळहळ नको.

आता काय करता?

सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत शिकवते. बहुतेक मुलं पावरा आदिवासी आहेत, घरात पावरी बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकतात, आणि इंग्रजी त्यांच्यासाठी तिसरी भाषा. पहिल्या दिवशी एक मुलगा माझ्या प्रश्नावर पावरीत काहीतरी बोलला आणि मागची दोन-तीन मुलं हसली. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं, तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि देवनागरीत लिहून घेतलं. मग 'जेवलास का' पावरीत कसं विचारतात ते सगळ्या वर्गाकडून वदवून घेतलं. ते वाक्य अजून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आहे, पुसायचं नाही असं मुलांनीच ठरवलं आहे.